मागचं मैदान आणि चाकांवरचा फुटबॉल

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी 'आपली मुलं, आपले खेळ' या कार्यक्रमात 'ए' विंगमधील एका सभासद भगिनींनी केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – स्मरणिका समिती)



सांस्कृतिक समितीने मला सांगितलं, 'वहिनी, खेळावर दहा मिनिटं बोला.' मी आयुष्यात लंगडीपलीकडे काही खेळले नाही. पण माझ्या घरात सोळा वर्षांचा एक फुटबॉलवेडा आहे, त्याच्यामुळे मला या खेळाबद्दल बोलायचा थोडाफार अधिकार आला आहे असं मी समजते. त्याची परवानगी घेऊनच बोलते आहे. त्याने दोन अटी घातल्यात. एक, स्टेजवर रडायचं नाही. दोन, 'दिव्यांग असूनही' हे शब्द वापरायचे नाहीत. 'असूनही' काय, म्हणाला, मला फुटबॉल आवडतो, विषय संपला.

आपण कोल्हापूरकर. इथे फुटबॉल आवडण्याला कारण लागत नाही. बाकीच्या महाराष्ट्रात पोरं क्रिकेटचे स्कोअर सांगतात, आपल्याकडे पेठापेठांत पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी, प्रॅक्टिस यांच्यावरून घरात दोन गट पडतात. हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमच्या दिशेने गाड्या वळायला लागतात. आपल्याच गावचा अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला, तेव्हा माझा मुलगा आठ वर्षांचा होता. वडिलांच्या खांद्यावर बसून त्याने तोवर बऱ्याच मॅचेस पाहिल्या होत्या. हौस म्हणून खांद्यावर बसत होता असं बघणाऱ्यांना वाटायचं. खरं म्हणजे तेव्हाच त्याला पायऱ्या चढवत नव्हत्या.

लिफ्टमध्ये, जिन्यात, हळदीकुंकवाला मला नेहमी विचारतात, 'नक्की काय झालंय हो त्याला?' आज सगळ्यांना एकदमच सांगून टाकते, म्हणजे पुन्हा कुणाला संकोच नको. आजाराचं नाव ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. आपल्या स्नायूंना धरून ठेवणारं डिस्ट्रोफिन नावाचं एक प्रथिन असतं, ते याच्या शरीरात बनत नाही. त्यामुळे वापरताना स्नायूंची जी झीज होते ती नीट भरून निघत नाही. आधी मांड्या आणि कंबर, मग खांदे, हात, आणि पुढे श्वासाचे आणि हृदयाचे स्नायूही. जवळजवळ नेहमी मुलग्यांनाच होतो. कधी आईकडून येतो, कधी घराण्यात कुणालाही नसताना नव्यानेच होतो, त्यामुळे 'कुणाच्या बाजूचं?' या प्रश्नाला अर्थ नाही. पूर्ण बरं करणारं औषध अजून नाही. स्टेरॉइड आणि फिजिओथेरपीने वेग कमी होतो. संसर्गजन्य नाही. नवसाने जात नाही. पाचव्या वर्षी निदान झालं, अकराव्या वर्षी चालणं थांबलं, आता बॅटरीवरची व्हीलचेअर आहे. झालं, एवढंच. आता फुटबॉलकडे वळू.

ज्याला कधी धड किक मारता आली नाही, त्याला या खेळात एवढं काय सापडलं? हा प्रश्न मलाही पडायचा. उत्तर मला त्याच्याच शेजारी बसून मॅच बघताना मिळालं. मी बॉलकडे बघत असायचे, तुम्हीही तेच करता. तो मला म्हणाला, 'आई, बॉलकडं बघू नकोस. बॉल नाही त्या पोराकडं बघ.' मग मला दिसायला लागलं. एक जण उगीच उजवीकडे पळतो, त्याच्यामागे बचाव करणारा ओढला जातो आणि डावीकडे मोकळी जागा होते. जो पळाला त्याला बॉल मिळतच नाही, टाळ्याही मिळत नाहीत. पण गोल त्याच्यामुळे होतो. हा माझा मुलगा तासन् तास ती मोकळी जागा बघत असतो. त्याच्या वह्या आहेत, बारीक अक्षरात, अलीकडे अक्षर थकतं म्हणून मोबाइलवर बोलून लिहितो. कोण कुठे उभा होता, कधी बदली झाला, त्यानंतर काय बिघडलं, सगळं त्यात असतं.

२०२२ ची वर्ल्ड कप फायनल तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. १८ डिसेंबर, रात्री साडेआठ, अर्जेंटिना आणि फ्रान्स. मुलांनी आधी गच्चीवर पडदा लावायचं ठरवलं होतं. आपली लिफ्ट चौथ्या मजल्यापर्यंतच जाते, गच्चीला वर एक जिना आहे. कुणीही काही न बोलता दुपारी पोरांनी पडदा, प्रोजेक्टर, वायरी सगळं खाली पार्किंगमध्ये आणलं. मोठ्यांनी सांगितलं नव्हतं, मी तर नाहीच नाही. अर्जेंटिना दोन-शून्य पुढे होती, सगळे नाचत होते. चौसष्टाव्या मिनिटाला डी मारियाला बाहेर काढलं आणि आमचे चिरंजीव म्हणाले, 'आता गडबड होणार.' सगळ्यांनी त्याला गप्प बसवलं. ऐंशीव्या आणि एक्याऐंशीव्या मिनिटाला एम्बापेचे दोन गोल. पार्किंगमध्ये अशी शांतता, की वॉचमनकाका विचारायला आले, लाईट गेली काय! पुढे तीन-तीन झाले आणि पेनल्टीवर चार-दोनने अर्जेंटिना जिंकली. पण त्या रात्रीपासून मुलं त्याला नावाने हाक मारत नाहीत. 'मॅनेजर' म्हणतात. आजही वर बघून 'ओ मॅनेजर, उतरा की खाली!' अशी हाक येते.

आता थोडं गावाबाहेर जाऊ. आपल्याला वाटतं, धडधाकट शरीर असेल तरच हा खेळ. त्यानेच मला दाखवलं की इतिहास काही वेगळंच सांगतो. पहिला वर्ल्ड कप १९३० साली उरुग्वेत झाला. फायनलमध्ये उरुग्वेने अर्जेंटिनाला चार-दोन हरवलं. शेवटचा, चौथा गोल हेक्टर कास्त्रोने मारला. त्याचा उजवा हात कोपराखाली नव्हता, तेराव्या वर्षी विजेच्या करवतीत गेला होता. ब्राझीलच्या गारिंचाचे पाय जन्मापासून वाकडे, एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड. १९५८ आणि १९६२ असे दोन वर्ल्ड कप जिंकणाऱ्या संघांत तो होता. बचाव करणाऱ्यांना कळायचंच नाही तो कुठल्या बाजूने जाणार.

ही झाली मोठी माणसं. पण मला जास्त भावलं ते दुसरंच. जगभरात लोकांनी खेळाडूसाठी खेळ वळवून घेतलाय. अंधांच्या फुटबॉलमध्ये बॉलमधून आवाज येतो. गोलकीपर सोडून सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी असते, म्हणजे थोडं दिसणारा आणि अजिबात न दिसणारा सारखेच. बॉलवर जाताना 'वॉय' असं ओरडावं लागतं, म्हणजे स्पॅनिशमध्ये 'मी येतोय'. प्रेक्षकांनी गोल होईपर्यंत गप्प बसायचं! आपल्या कोल्हापूरकरांना जमेल का सांगा. २००४ च्या अथेन्सपासून हा खेळ पॅरालिम्पिकमध्ये आहे. एक पाय नसलेल्यांचा वेगळा फुटबॉल आहे, कुबड्यांवर पळत खेळतात. कुबडीने मुद्दाम बॉल अडवला तर तो हँडबॉल. गोलकीपरला एक हात नसतो.

आणि आमच्या घरी ज्याची पारायणं चालतात तो पॉवरचेअर फुटबॉल. बॅटरीच्या खुर्चीवर बसून खेळायचा. १९७० च्या दशकात फ्रान्समध्ये सुरू झाला, पहिला वर्ल्ड कप २००७ साली टोकियोत. बास्केटबॉलच्या कोर्टवर, एका बाजूला चार जण, मुलगे-मुली एकत्र. बॉल नेहमीपेक्षा मोठा, तेहतीस सेंटिमीटरचा. खुर्चीला पुढे गार्ड असतो, खुर्ची जागच्या जागी गरकन फिरवून त्या गार्डने बॉल मारायचा. वेगाची मर्यादा ताशी दहा किलोमीटर. यात एक नियम फार हुशारीचा आहे. बॉलच्या तीन मीटरच्या आत एका संघाचा एकच खेळाडू आणि समोरच्याचा एकच. तिसरा आला की फाऊल. का? नाहीतर सगळ्या खुर्च्या बॉलभोवती अडकून बसतील. या नियमामुळे जागा मोकळी होते, पास द्यावा लागतो, डोकं चालवावं लागतं. म्हणजे पुन्हा तीच मोकळी जागा, जी हा लहानपणापासून बघत आलाय. यातले बरेच खेळाडू याच्यासारख्याच आजाराचे आहेत. कुणी बोटाने खुर्ची चालवतं, कुणी हनुवटीने.

हे व्हिडिओ बघून एक दिवस तो वडिलांना म्हणाला, 'मला गार्ड पाहिजे.' उद्यमनगरात काय बनत नाही? आमचे हे खुर्चीचं माप घेऊन एका वर्कशॉपमध्ये गेले. त्या मिस्त्रींनी दोन दिवस विचार केला, पाइप वाकवून, कडा गोल करून, रबर लावून असा गार्ड दिला की काढताही येतो. डॉक्टरांना विचारलं. त्यांनी पट्टा कायम, मानेला आधार कायम आणि दमला की लगेच थांबायचं, या अटींवर होकार दिला. स्टेरॉइडने हाडं ठिसूळ होतात, त्यामुळे धडक नको हे त्यांनी मुलांना बसवून समजावलं.

पण खुर्ची एकच. मग खेळायचं कोणाशी? तोडगा मुलांनी काढला. बाकीच्यांनी पळायचं नाही, चालायचं. एक पाय सतत जमिनीवर. पळाला की फ्री किक. अंगाला अंग लावायचं नाही. वर तीन मीटरचा नियम आहेच. इंग्लंडमध्ये २०११ पासून वयस्कर लोकांसाठी असा चालण्याचा फुटबॉल खेळतात, हे आम्हाला मागाहून कळलं. आणि गंमत बघा. चालायचंच आहे म्हटल्यावर 'बी' विंगचे आमचे काका, वय अडुसष्ट, एक दिवस गोलमध्ये येऊन उभे राहिले. मग दोन काकू. मग ज्या मुलींना 'मुलांच्यात धक्काबुक्की होते' म्हणून घरातून सोडत नव्हते, त्या आल्या. नियम केला होता एका मुलासाठी, खेळायला लागले चौदा जण. दर रविवारी पाच वाजता आपल्या मागच्या मैदानावर जी गडबड असते ती ही.

हे सगळं व्हायच्या आधी तीन पायऱ्या होत्या. 'ए' विंगच्या दारातल्या. खुर्ची, बॅटरी आणि तो, मिळून दीडशे किलोच्या घरात. रोज चार माणसं कुठून आणायची? २०२१ च्या वार्षिक सभेत रॅम्पचा विषय मांडला. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या, म्हणजे दीड फूट उंची. उताराचं प्रमाण एकास बारा धरतात, म्हणजे अठरा फूट लांबी हवी. सरळ जागा होती दहा फूट. चार दुचाकींची जागा जाणार म्हणून विरोधही झाला, आणि तो स्वाभाविक होता, पार्किंगची ओढाताण सगळ्यांनाच आहे. शेवटी मध्ये वळण देऊन रॅम्प बसवला. ज्यांची दुचाकी हलली त्यांनीच ठराव मांडला, हे मी विसरणार नाही. आज त्या रॅम्पवरून काय काय जातं बघा. गॅसचा सिलिंडर, दुधाचे क्रेट, बाळाची गाडी, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजी आणि दरवर्षी आपला गणपती. पायऱ्यांवरून मूर्ती उचलताना पूर्वी सगळ्यांचा श्वास अडकायचा.

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. त्यात एकवीस प्रकारची अपंगत्वं मोजली आहेत, त्यात हा आजारही आहे, खेळात सहभागाची तरतूदही आहे. पण आपल्या सोसायटीत रॅम्प झाला तो कायद्याचं कलम दाखवून नाही, समजून घेऊन झाला, याचा मला जास्त अभिमान आहे.

आता एक नाजूक गोष्ट. तीन वर्षांपूर्वी आपल्या सोसायटी चषकात त्याला 'विशेष प्रोत्साहनपर' कप दिला गेला. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. घरी आल्यावर तो म्हणाला, 'मी केलं काय? मॅच बघितली. बघायचा कप मिळतो का?' तो कप कपाटात आहे. पुढच्या वर्षी 'ए' विंगच्या मुलांनी त्याला खरोखर मॅनेजर केलं. संघ निवडला, सराव घेतला, फायनलला पोचले. एक-शून्य पुढे असताना यानं गोल मारणाऱ्यालाच बाहेर काढलं, बचाव वाढवायला. दोन-एक हरले. काय भडकली पोरं! 'तुझ्यामुळं हरलो' म्हणून तोंडावर सांगितलं. दोन दिवस कुणी बोललं नाही. तो जेवला नाही नीट, आणि मी मात्र स्वयंपाकघरात मनातून खूश होते. कारण आजवर त्याला सगळ्यांनी माफच केलं होतं. चूक झाली तरी, 'जाऊ दे, बिचारा'. त्या दिवशी पहिल्यांदा तो बिचारा नव्हता, हरलेल्या संघाचा मॅनेजर होता. तिसऱ्या दिवशी खालून हाक आली, आणि पुन्हा भांडण सुरू झालं, कुणाला काढायला हवं होतं यावर.

म्हणून माझी विनंती आहे, त्याला बघून हळहळू नका आणि त्याला आदर्श बनवून आपल्या मुलांना टोचूही नका. 'बघ, तो एवढा असून करतो, आणि तू?' हे ऐकल्यावर कुठलं मूल त्याच्याशी मैत्री करेल? भेटला तर काल रात्रीची मॅच विचारा. पण वेळ काढून विचारा, तो लवकर सोडत नाही!

आता मूळ मुद्द्यावर येते आणि थांबते. मागच्या मैदानाच्या अर्ध्या जागेवर गाड्या लावायचा प्रस्ताव पुढच्या सभेत येणार आहे. आज आनंदाचा दिवस आहे, मी मतं मागत नाही. २००० साली आपल्याकडे अठ्ठेचाळीस घरांत मोजून सात चारचाकी होत्या, आज पन्नासच्या वर आहेत. अडचण खरी आहे आणि प्रस्ताव आणणारे काही शत्रू नाहीत. फक्त सभेत हात वर करण्याआधी एकदा रविवारी पाच वाजता तिथे येऊन जा. आपलं मैदान मोठं नाही. निम्मं झालं तर तीन मीटरचा नियम तिथे पाळताच येणार नाही, खुर्चीला फिरायला जागा उरणार नाही. बाकीची मुलं दुसरीकडे जातील, सायकलवर बसतील आणि दुसरं मैदान शोधतील. त्यांनी जावंच. याला दुसरं मैदान नाही. बाहेरच्या रस्त्याला फुटपाथ नाही, आणि रिक्षात ही खुर्ची चढत नाही.

दुसरी विनंती लहान आहे. पार्किंग संपतं तिथून मैदानापर्यंत खडी आहे, चाकं रुततात, दर रविवारी मुलं ढकलतात. तेवढ्या पट्ट्यात पेव्हर ब्लॉक बसले तर खुर्ची स्वतःहून जाईल. निम्मा खर्च आम्ही देऊ, समितीला तसं लेखी दिलं आहे. आणि गाड्यांसाठी दुसरी काही जागा निघते का, याचा एक कच्चा नकाशाही जोडला आहे. तो मॅनेजरनेच काढलाय. त्याच्या मते पुढच्या बाजूला गाड्या तिरक्या लावल्या तर सहा जास्त बसतात. मोकळी जागा शोधायची त्याला सवयच आहे.

आणि घाई का, तेही स्पष्ट सांगते. अटीप्रमाणे रडणार नाही. त्याच्या हातातली ताकद कमी होतेय. मागच्या वर्षी तो जॉयस्टिक मनगटाने ढकलायचा, आता बोटांनी ढकलतो. उद्या हनुवटीने चालवेल, त्याची माहिती त्याने आधीच काढून ठेवली आहे. खेळायचं कसं ते तो बघेल. खेळायचं कुठे, एवढंच आपल्या सगळ्यांच्या हातात आहे. पुढे कधीतरी मैदान करू, असं म्हणण्याइतका सवडीचा काळ आमच्याकडे नाही.

पंचवीस वर्षांत आपण टाकी बांधली, लिफ्ट बदलली, रंग दोनदा दिला, बोअरला पाणी लागलं तेव्हा पेढे वाटले. हे सगळं हिशेबाच्या पुस्तकात आहे. गच्चीवरचा पडदा न सांगता खाली आणणारी पोरं मात्र कुठल्या ताळेबंदात दिसत नाहीत. ती याच सोसायटीत वाढली, तुम्हीच वाढवलीत. आई म्हणून मी तुमची ऋणी आहे.

जाता जाता, मॅनेजरचा निरोप. येत्या रविवारी 'सी' विंगला गोलकीपर कमी आहे. गुडघे दुखत असले तरी चालेल, पळायचं नाहीये.

जय हिंद, जय महाराष्ट्र!